गायीच्या पोटातील जमाखर्च

पशुखाद्याच्या व्यापारात तीन पिढ्यांपासून असलेल्या एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. सरकी पेंड, गोळी पेंड, मका भरडा, तूर चुणी, गव्हाचा कोंडा हा माल त्यांच्या दुकानी नेहमीचाच. परंतु अलीकडे गवळी आणि शेतकरी ‘बायपास फॅट’ नावाची पांढरट भुकटी मागू लागले आहेत, आणि ती किलोमागे पेंडीच्या कितीतरी पट महाग आहे. त्यांचे प्रश्न दोन. हा पदार्थ गायीच्या खरोखर उपयोगाचा आहे की विक्रीचे एक नवे निमित्त? आणि दुसरा, जो त्यांनी पत्राच्या शेवटी जरा संकोचानेच विचारला आहे : फॅट म्हणजे चरबी, तर ती कोणाची?

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे तेल, पेंड, सरकी आणि धान्य यांच्या व्यापारात आहेत, आणि ग्रामीण भागातील पशुपालक पशुवैद्याकडे जाण्याआधी बहुधा दुकानदारालाच विचारतो. मी पशुवैद्य नाही. मात्र बँकेच्या नोकरीतील बरीच वर्षे ग्रामीण शाखांत गेली. दुभत्या जनावरांची कर्जप्रकरणे तपासताना गोठे पाहिले, पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोललो, पुढे वाचनही केले. त्यामुळे गायीकडे ताळेबंदाच्या दृष्टीने पाहण्याची सवय जडली आहे. ती या विषयात उपयोगी पडते.

आधी गायीचे पोट समजून घ्यावे लागेल. गायीच्या जठराचे चार कप्पे असतात आणि त्यांतील पहिला व सर्वांत मोठा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गायीत त्याची क्षमता शंभर लिटरहून अधिक असते. खाल्लेला कडबा येथे जाऊन पडतो, रवंथ होऊन परत येतो आणि असंख्य जिवाणू त्याला आंबवतात. कडब्यातील तंतू पचविण्याची शक्ती स्वतः गायीत नाही. ती या जिवाणूंत आहे. आंबवणातून अॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात आणि गाय मुख्यतः त्यांच्यावर जगते. दुधातील स्निग्धांशापैकी जवळजवळ निम्मा भाग कासेमध्ये अॅसिटिक व ब्युटिरिक आम्लांपासून घडविला जातो. म्हणजे संकलन केंद्रावर ज्या फॅटच्या पॉइंटवर दर ठरतो, तिचा मोठा वाटा तेलातून नव्हे तर कडब्यातून येतो. ही गोष्ट पुष्कळ दूध उत्पादकांना ठाऊक नसते. दूध वाढावे म्हणून ते खुराक वाढवितात, वैरण कमी करतात आणि मग फॅट का उतरली याचे आश्चर्य करतात.

आता खर्चाची बाजू. गाय व्यायल्यानंतर दूध झपाट्याने चढते आणि साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात त्याची परमावधी होते. भूक मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. ती पूर्णत्वास येण्यास दहा ते बारा आठवडे लागतात. मधल्या काळात दुधावाटे जाणारी ऊर्जा खाद्यातून येणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक असते. आमच्या भाषेत सांगायचे तर खात्यात ओव्हरड्राफ्ट सुरू होतो आणि तो गायीच्या अंगावरील चरबीतून भागविला जातो. फासळ्या दिसू लागतात, पाठ उतरते. मर्यादेत असेल तर हे निसर्गनियमास धरूनच आहे. मर्यादा ओलांडली की यकृतावर भार पडतो, रक्तात कीटोन साचतात, आणि गाय वेळेवर माजावर येत नाही. एक माज चुकला की एकवीस दिवस गेले. असे तीन-चार माज गेले की पुढचे वेत लांबते, भाकड काळ वाढतो आणि तेवढे दिवस गाय खाते, देत काही नाही.

गोठ्याचे कर्ज पहिल्या वेताच्या दुधावर फिटते असे मी फारसे पाहिले नाही. दुसरे वेत वेळेवर आले, तर फिटते. म्हणून व्यायल्यानंतरचे पहिले शंभर दिवस हे गायीच्या आणि कर्जदाराच्याही दृष्टीने कसोटीचे असतात.

पूर्वी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. गावठी गाय चार-पाच लिटर दूध देई आणि तेवढी ऊर्जा चाऱ्यातून निघे. संकरित गायी आल्या. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या बाएफ संस्थेचा त्यात फार मोठा वाटा आहे. पंधरा, वीस, पंचवीस लिटर दूध देणाऱ्या गायी सामान्य शेतकऱ्याच्या दारात बांधल्या गेल्या. दूध वाढले, पण कोठीपोट तेवढेच राहिले. त्यात आणखी ऊर्जा कशी घालावी? धान्याचा भरडा वाढविला तर आम्ल वाढते आणि पचन बिघडते. तेव्हा लक्ष स्निग्ध पदार्थांकडे जाणे साहजिक होते, कारण एक ग्रॅम स्निग्धात सुमारे नऊ कॅलरी असतात आणि तेवढ्याच पिष्टात चार. थोडक्या जागेत दुपटीहून अधिक ऊर्जा. शिवाय स्निग्ध पदार्थ कोठीपोटात आंबत नाहीत, त्यामुळे अंगात उष्णता कमी निर्माण होते. आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांत हा गुण लहान नाही.

मग सरळ तेलच पाजावे की काय? पुष्कळांना असेच वाटते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आमच्या एका शाखेच्या खातेदाराने असेच केले होते. संकलन केंद्रावर त्याच्या दुधाची फॅट तीनच्या खाली लागू लागली आणि दर कापला जाऊ लागला. कोणीतरी सांगितले म्हणून त्याने दररोज आंबोणात पाव-अर्धा लिटर खाद्यतेल ओतण्यास सुरुवात केली. चार-पाच दिवसांत गायीने रवंथ कमी केला, शेण पातळ झाले, वैरण शिल्लक राहू लागली आणि फॅट आणखी उतरली. तो तेलाला आणि गायीला दोघांनाही दोष देत शाखेत आला. हप्ता मागे पडलाच होता. तालुक्याच्या पशुवैद्यांनी तेल बंद करावयास लावले, कडबा वाढविला, आणि दोन-तीन आठवड्यांनी गाय पूर्वपदावर आली.

यामागील कारण आता स्पष्टपणे सांगता येते. मोकळे तेल कोठीपोटात गेले की ते वैरणीच्या तंतूंवर लेपासारखे बसते. त्यातील असंतृप्त स्निग्धाम्ले तंतू पचविणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतात. जिवाणू त्यांना संतृप्त करण्याचा प्रयत्न करतात, आणि या खटाटोपात वैरण कमी व खुराक जास्त असेल तर काही असे मधले पदार्थ तयार होतात की जे रक्तावाटे कासेत पोहोचून तेथील स्निग्धनिर्मितीच मंदावतात. तेल घातले आणि फॅट घटली, हा विरोधाभास असा घडतो. म्हणूनच गायीच्या एकूण कोरड्या आहारात स्निग्धांश सहा-सात टक्क्यांच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. नेहमीच्या वैरण-खुराकात तो दोन-तीन टक्के असतोच.

आपल्या वाडवडिलांना हे शास्त्र माहीत नव्हते, परंतु त्यांची रीत शास्त्राला धरून होती. खानदेश-वऱ्हाडात व्यालेल्या जनावराला अख्खी सरकी भिजवून देत. सरकीत अठरा-वीस टक्के तेल असते, पण ते टरफलाआड कोंडलेले असल्यामुळे कोठीपोटात हळूहळू सुटते. सरकीच्या तंतूंमुळे रवंथही चालू राहतो. घाणीवर किंवा एक्स्पेलरवर काढलेल्या पेंडीत सहा-आठ टक्के तेल मागे राहते. सॉल्व्हंट पद्धतीने तेल काढलेल्या सोयाबीन पेंडीत ते जेमतेम एक टक्का उरते. पेंडीचा भाव प्रथिनांवर करताना तेलाचा हा फरक आपण व्यापारी लोक क्वचितच बोलून दाखवितो. अर्थात सरकीलाही मर्यादा आहे. तिच्यात गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. मोठ्या जनावराला माफक सरकी पचते, लहान वासरांपुढे ती टाकू नये.

बायपास फॅटची कल्पना या कोंडलेल्या तेलाचीच पुढची पायरी आहे. कोठीपोटाला ‘बायपास’ करून, म्हणजे तेथील जिवाणूंना न छेडता, स्निग्ध पुढच्या कप्प्यात पोहोचवायचे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात डोनाल्ड पामक्विस्ट आणि थॉमस जेंकिन्स यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी यासाठी स्निग्धाम्लांचे कॅल्शियमशी संयुग करण्याची युक्ती यशस्वी करून दाखविली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा एक साबण आहे. ज्यांच्या विहिरीचे पाणी जड आहे त्यांनी कपडे धुताना बादलीत पांढरा साका धरलेला पाहिला असेल. तो साका म्हणजे साबणातील स्निग्धाम्ले आणि पाण्यातील कॅल्शियम यांचे न विरघळणारे संयुग. बायपास फॅट त्याच जातीचे. कोठीपोटातील द्रव किंचितच आम्लधर्मी असतो, तेथे हे संयुग फुटत नाही. चौथ्या कप्प्यातील तीव्र आम्लात मात्र ते फुटते, कॅल्शियम आणि स्निग्धाम्ले वेगळी होतात आणि लहान आतड्यात शोषली जातात. चांगल्या मालात स्निग्धांश सुमारे चौऱ्याऐंशी टक्के आणि कॅल्शियम आठ-नऊ टक्के असते.

दुसरा एक प्रकार बारीक गोल दाण्यांचा मिळतो. त्यात कॅल्शियम नसते. स्निग्ध इतके घट्ट केलेले असते की गायीच्या शरीराच्या उष्णतेला ते वितळत नाही, म्हणून कोठीपोटात निष्क्रिय राहते. याला साबणासारखी चव नसते, त्यामुळे गायी लवकर खातात. कॅल्शियमच्या प्रकाराला काही गायी पहिले काही दिवस तोंड लावीत नाहीत.

आता उपयोगाचा हिशेब करू. दर गावोगावी निराळे, म्हणून आकडे उदाहरणादाखल घेतो. समजा बायपास फॅट १५० रुपये किलो आहे, गायीला दररोज १५० ग्रॅम देतो आणि दुधाला ३२ रुपये लिटर दर मिळतो. रोजचा खर्च साडेबावीस रुपये; तो भरून निघण्यास दररोज सुमारे ७०० मिलिलिटर दूध वाढले पाहिजे. १५० ग्रॅम मालात १२६ ग्रॅम स्निग्ध, म्हणजे सुमारे ११३० कॅलरी. दीड लिटरहून थोड्या अधिक दुधात जेवढी ऊर्जा असते तेवढी ही झाली. ती सगळीच दुधात उतरत नाही. काही पचनात जाते, काही गाय स्वतःच्या अंगासाठी राखते, आणि तिने राखावीच. तेव्हा अठरा-वीस लिटरच्या ताज्या व्यालेल्या गायीकडून एक लिटरच्या आसपास वाढीची अपेक्षा वाजवी आहे. खर्च निघतो, थोडे उरते, आणि गाय फारशी खंगली नाही तर पुढील वेत वेळेवर येण्याची शक्यता वाढते. माझ्या मते खरा नफा या शेवटच्या रकान्यात आहे, पण तो रोजच्या दूधबिलात दिसत नाही.

हीच भुकटी सहा लिटर देणाऱ्या, सात महिने उलटलेल्या गायीला दिली तर? तिच्या खात्यात तूटच नाही. ऊर्जा अंगावर चरबी होऊन बसेल, आणि फार माजलेली गाय पुढच्या वेताला अधिक त्रास देते. शंभर दिवसांत सव्वादोन हजार रुपये गेले, हाती काही नाही. भाकड गाय, बैल, कालवड यांना तर तिचे प्रयोजनच नाही. म्हणून व्यायच्या आधी आठ-दहा दिवस सुरुवात आणि व्यायल्यानंतर नव्वद-शंभर दिवस, दररोज १०० ते २०० ग्रॅम, दुधाच्या मानाने, एवढीच ही मात्रा. म्हशीचेही तत्त्व हेच. तिच्या दुधात स्निग्ध मुळातच जास्त असल्याने तिची तूटही तशी मोठी.

विक्रेते सहसा न सांगणारी एक गोष्ट येथे नोंदवतो. स्निग्ध पुरविल्याने दुधातील प्रथिनांचा टक्का किंचित उतरू शकतो. ज्या संकलन केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दर कापतात, तेथे एसएनएफ आधीच काठावर असेल तर एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने जाऊ शकते. आहारात प्रथिने पुरेशी हवीत. चांगल्या पेंडीची जागा ही भुकटी घेऊ शकत नाही आणि कडब्याची तर नाहीच नाही.

आता दुसरा प्रश्न, कोणाची चरबी? बाजारातील बहुतेक कॅल्शियमयुक्त माल पामतेलापासून, अधिक नेमकेपणे पामतेल शुद्ध करताना वेगळ्या निघणाऱ्या स्निग्धाम्लांपासून तयार होतो. त्याचा मुख्य उगम मलेशिया व इंडोनेशिया. म्हणून त्याचा भाव पामतेलाच्या जागतिक भावाबरोबर हलतो. एप्रिल-मे २०२२ मध्ये इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबविली तेव्हा काय झाले ते तेलाच्या व्यापाऱ्यांना सांगावयास नको. परंतु सगळेच स्निग्ध पूरक वनस्पतिजन्य असते असे मात्र समजू नये. अमेरिकेत दुभत्या गायींना कत्तलखान्यातील चरबी खाद्यात देण्याची प्रथा जुनी आहे व आजही आहे. घट्ट केलेले दाणेही पामपासून होऊ शकतात तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही होऊ शकतात. डोळ्यांनी पाहून फरक कळत नाही.

शाकाहारी प्राण्याला प्राणिज खाद्य देण्याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला. मांस-हाडांची भुकटी गायींच्या खाद्यात मिसळल्याने तो पसरल्याचे दिसून आले आणि १९८८ मध्ये तिच्यावर बंदी आली. १९९६ मध्ये माणसांतील रोगाशी त्याचा संबंध जाहीर झाला. तेथे दोष भुकटीकडे गेला, चरबीकडे नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण वाटा कशा मिसळतात ते त्यातून कळले. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने दुभत्या जनावरांच्या खाद्यात गोवंशाचे किंवा डुकराचे मांस, हाडे, रक्त, अंतर्गत अवयव व ऊती यांपासून केलेले घटक वापरण्यास मनाई केलेली आहे. कायदा बाजूने आहे. तरीही माणसाच्या पाकीटबंद अन्नावर असतो तसा हिरवा ठिपका पशुखाद्याच्या पोत्यावर मिळेलच असे नाही. तेव्हा पुरवठादाराकडून मूळ द्रव्य, स्निग्धांश, कॅल्शियम व आर्द्रता यांचे लेखी प्रमाणपत्र घेणे आणि ते फाइलला लावणे हा व्यापाऱ्याच्या हातातला उपाय आहे. मला विचाराल तर असे प्रमाणपत्र द्यावयास टाळाटाळ करणाऱ्या पुरवठादाराचा माल दोन रुपये स्वस्त असला तरी ठेवू नये.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्दोष असेही नाही. पामच्या लागवडीसाठी आग्नेय आशियात मोठी जंगले तोडली गेली आहेत, आणि ती जीवहानी कोणत्याही पोत्यावर छापलेली नसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅनडात निराळाच वाद उद्भवला. घरात बाहेर ठेवलेले लोणी पूर्वीसारखे मऊ होत नाही अशी लोकांची तक्रार सुरू झाली आणि बोट गायींना दिल्या जाणाऱ्या पाम पूरकाकडे वळले. लोणी खरोखर कठीण झाले होते की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले, परंतु तेथील दूध उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सभासदांना पामऐवजी अन्य पर्याय पाहण्यास सांगितले. गायीच्या गव्हाणीत काय पडते याची चौकशी न्याहारीच्या टेबलावरून झाली, हे मला त्या वादात विशेष वाटले.

पांजरपोळांबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपली बहुतेक घराणी तेथे यथाशक्ती देत असतात. महाग पोते म्हणजे चांगले दान, अशा भावनेने बायपास फॅट पाठविण्याचे कोणाच्या मनात आले, तर तसे करू नये. तेथील म्हाताऱ्या, भाकड जनावरांना ऊर्जेची तूट नसते. त्यांना हवा असतो कडबा, हिरवा चारा, मिठाची वीट, पाणी आणि वेळेवर उपचार. त्याहूनही जपावे ते लग्नसमारंभात उरलेल्या पुऱ्या, भात आणि मिठाई टोपलीने नेऊन घालण्यापासून. पिष्ट आणि साखर यांचा असा अचानक मारा झाला की कोठीपोटात आम्ल एकदम वाढते, जनावर फुगते, बसते, आणि कधी कधी दुसरा दिवस पाहत नाही. तळणीचे तेल त्यात भर घालते. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. कोठीपोटातील जिवाणूंना हेतू कळत नाही.

पत्रलेखक बंधूंना माझे उत्तर असे : माल अवश्य ठेवा, पण पोते देण्याआधी ग्राहकाला तीन गोष्टी विचारा. गाय व्यायली कधी, दूध किती देते, आणि वैरण किती व कोणती खाते. कडबा किंवा मुरघास पोटभर नसेल तर आधी तो घ्यावयास सांगा, भले तो तुमच्या दुकानी मिळत नसो. दूध बारा-पंधरा लिटरच्या वर आणि व्यायल्याला तीन महिन्यांहून कमी असेल तर द्या. सुरुवात पन्नास ग्रॅमने, आंबोणात नीट कालवून. आठवडाभरात पूर्ण मात्रेपर्यंत. उधारीवर देत असाल तर खतावणीत ग्राहकाच्या नावापुढे गाय व्यायल्याची तारीख लिहून ठेवा, म्हणजे शंभरावा दिवस उलटल्यावर पुढचे पोते मागावयास तो आला की त्याला थांबविता येईल.